भिशी नुसती पैशांची नको

धंदा करणाऱ्या पुरुषांची मंडळं असतात, बैठका असतात. भाव, उधारी, गिऱ्हाईक यांवर तिथं मोकळं बोलणं होतं. घरातून मसाले, शिवण, डबे असा उद्योग करणाऱ्या बाईला मात्र ओट्याशी उभं राहून एकटीनंच हिशेब करावा लागतो.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. आमच्या भिशीत आम्ही अकराजणी. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक नियम केला. चिठ्ठी काढण्याआधी एकीनं आपल्या कामातली अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी फक्त आपापला अनुभव सांगायचा. उपदेश करायचा नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून वही माझ्याकडे आली.

आमच्यातली एकजण कांदा-लसूण मसाला करून विकते. यजमानांचा पगार थकलेला, घर तिच्याच मसाल्यावर चाललेलं. मागणी भरपूर, पण महिनाअखेर हाती काही उरेना. "बंदच करते आता," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. शिवणकाम करणारीनं विचारलं, "अगं, भाव कसा काढलास?" मिरची, खोबरं, तेल, डंकाचे पैसे, सगळं धरलं होतं. तिचे स्वतःचे राबण्याचे दोन दिवस मात्र कुठंच नव्हते! डबे देणारी म्हणाली, "मीसुद्धा पहिलं वर्षभर अशीच फुकट राबले." हे ऐकून तिला धीर आला. तिनं भाव वाढवला. चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची टिकली. जूनमध्ये मुलाची फी तिनं स्वतः भरली.

आपल्या सातारा जिल्ह्यात तर याहून मोठं काम झालं आहे. म्हसवडला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी प्लॅस्टिकचा कागद घ्यायला पैसे साठवायचे होते. रक्कम लहान म्हणून बँका खातं उघडेनात. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

तुम्हीही सुरुवात करा. आठ-दहाजणीच असू द्या, वार ठरलेला ठेवा. एकाच गल्लीत एकच माल विकणाऱ्या दोघी शक्यतो एका गटात नकोत, मग भाव लपवावासा वाटतो. तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, आणि एकीच्या कर्जाला दुसरीनं जामीन राहायचं नाही.

सुरुवातीला हे मला म्हणाले होते, "म्हणजे गप्पाच ना?" गप्पाच. फक्त शेजारी वही उघडी असते.