गेमचं एक्स्पान्शन: पैसे वसूल की खिसा साफ?

पोस्ट थोडी मोठी आहे. घरात कॉलेजात जाणारं पोर आणि कॉम्प्युटर असेल तर जरूर वाचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. चांगलंच झालं. पण तेव्हापासून आमच्या नात्यात ‘गेम’ आणि ‘पैसे’ हे शब्द एका वाक्यात आले की भांडण ठरलेलं. भाच्याने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एका स्ट्रॅटेजी गेमची एक्स्पान्शनं घ्यायची म्हटलं, तर भावोजींचा एकच हेका, “हा जुगारच आहे.” मी गेली वीसेक वर्षं हे गेम खेळतोय, म्हणून मध्यस्थीला मामा.

आधी हे स्पष्ट करू. जुगारात पैसे लावून पैसे जिंकायची आशा असते. एक्स्पान्शनमध्ये तसं काही नाही. ठरलेली किंमत द्यायची, मूळ गेममध्ये नवी राज्यं, नव्या मोहिमा, नवे नियम मिळतात. सिनेमाच्या तिकिटासारखा खर्च. तेव्हा प्रश्न जुगाराचा नाही, किंमत रास्त आहे का, एवढाच आहे.

आता चांगलं उदाहरण. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा १९९९ चा गेम. सायबर कॅफेत तासाने पैसे मोजलेल्या आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. पुढे त्यात भारत आला, तो ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली कोंबलेला. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने बंगाली, द्रविड आणि गुर्जर वेगळे केले. राजेंद्र चोळ, पाल राजा देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा दिल्या. गुर्जर घेतले तर मेंढ्या कापण्याऐवजी गिरणीत ठेवता येतात आणि अन्न येत राहतं. म्हणजे खेळायची पद्धतच बदलते. आणि हे घेतलं नाही, तरी मूळ गेम लंगडा पडत नाही. याला मी पैसे वसूल म्हणतो.

दुसरी बाजू ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ची. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा २०१३ चा गेम. १४४४ ते १८२१ चं जग, आणि त्यात मराठ्यांचं राज्य उभं करता येतं. मराठी पोराचा जीव त्यात अडकणारच! २०१८ मध्ये खास भारतावर ‘धर्म’ नावाचं एक्स्पान्शनही आलं. पण अशी एक्स्पान्शनं डझनावारी निघाली. २०१५ च्या ‘कॉमन सेन्स’च्या वेळी प्रांताच्या विकासाचा नवा नियम सगळ्यांना लागू झाला, पण विकास वाढवायचं बटण फक्त पैसे भरणाऱ्यांना. घर विकायचं आणि जिन्याचे पैसे वेगळे घ्यायचे, त्यातला प्रकार. २०२१ चं ‘लेव्हायथन’ इतकं कच्चं निघालं की खेळाडूंनी स्टीमवर धुऊन काढलं.

कंपनीची बाजूही ऐकू. एक्स्पान्शनच्या पैशांवरच एक गेम दहा वर्षं जिवंत राहतो, आणि प्रत्येक वेळी काही सुधारणा न घेणाऱ्यांनाही फुकट मिळतात. हे खरं आहे. पण सुटं सुटं घेताना कळत नाही, आणि एकूण बेरीज मूळ गेमच्या कितीतरी पुढे जाते.

म्हणून भाच्याला चार गोष्टी सांगितल्या.

एक, मूळ गेम भरपूर खेळून झाल्याशिवाय काहीच घेऊ नकोस. काय कमी आहे हे खेळल्यावरच कळतं.

दोन, सगळा गठ्ठा एकदम घेऊ नकोस. एक घे, तेही सेलमध्ये. निघाल्या निघाल्या तर मुळीच नको, आधी लोकांची मतं वाच.

तीन, पॅराडॉक्सच्या गेममध्ये जो मित्र सामना भरवतो, त्याची एक्स्पान्शनं त्या सामन्यात सगळ्यांना चालतात. चौघांनी चार वेळा खरेदी कशाला?

चार, नाही पटलं तर स्टीमवर १४ दिवसांत परत करता येतं, मात्र खरेदीनंतर तो गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा.

भावोजींना एकच सांगितलं, पोराने स्वतःच्या कष्टाचे पैसे विचार करून खर्च केले तर त्याला जुगारी म्हणू नका. उलट हिशेब मागा, तो देईल.

पण सगळी शहाणपणाची जबाबदारी गिऱ्हाइकावरच का? बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि एमआरपी छापावीच लागते. इथे हजारो रुपये घालून आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. जुनी सीडी शेजारच्याला देता यायची, हे विकताही येत नाही. निदान मूळ गेमच्या पानावर ठळक लिहा, की याच्याशिवाय कुठली बटणं बंद राहतील आणि सगळं घेतलं तर एकूण किती पडेल. कायद्याने जुगार अडवला, आता या दुकानांच्या पाट्यांकडेही कुणीतरी बघावं.

तुमच्या घरी याचा हिशेब कसा होतो? कमेंटमध्ये लिहा.