नाव कमी झालं तरी

शाळेतून मूल दाखला घेऊन गेलं की पटावरून त्याचं नाव कमी होतं. जनरल रजिस्टरमधली त्याची ओळ मात्र तशीच राहते. पन्नास वर्षांनी कोणी वडिलांच्या जन्मतारखेचा पुरावा शोधत आलं की तीच ओळ कामी येते. संगणकावरचा प्रोग्राम ‘अनइन्स्टॉल’ केल्यावर काय होतं, ते मला या रजिस्टरमुळे चटकन कळलं.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन अनइन्स्टॉल म्हटलं की प्रोग्राम आपण येताना आणलेलं सामान उचलतो. पण राहता राहता जे साठलं, म्हणजे आपण केलेल्या आवडीनिवडी, आपण लिहिलेला मजकूर, ते त्याच्या यादीत नसतं. त्याला तो बहुधा हात लावत नाही. उद्या तोच प्रोग्राम पुन्हा घातला तर सगळं जिथल्या तिथे मिळावं, हाही हेतू असतो. लोक याला कचरा म्हणतात. मला ते पटत नाही. न विचारता दुसऱ्याची वस्तू न टाकणं याला मी तरी सभ्यपणाच म्हणेन.

हे उरलेलं थोडं ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये सापडतं, थोडं ‘प्रोग्रामडेटा’त, आणि बरंचसं ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. त्यात ‘लोकल’ आणि ‘रोमिंग’ असे कप्पे असतात. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये अ‍ॅपडेटा असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं की थेट रोमिंग उघडतं.

यांचा संगणक आमच्या जिन्यातल्या एका मुलीला द्यायचा ठरला. हे जाऊन चार वर्षं झाली. यांची पत्रं थंडरबर्डमध्ये यायची. संगणक बदलला तरी जुनी पत्रं हे निगुतीने नव्यावर उतरवून घेत. मी थंडरबर्ड रीतसर काढला. यादीतून नाव गेलं, पडद्यावरचं चित्र गेलं. मग रोमिंगमध्ये पाहिलं तर थंडरबर्डचं फोल्डर जागच्या जागी. त्यात प्रोफाइल्स, त्यात मेल, आणि तिथे ‘इनबॉक्स’ आणि ‘सेंट’ नावाच्या फायली.

‘सेंट’ नोटपॅडमध्ये उघडली. नंतरची देवनागरी पत्रं म्हणजे अगम्य अक्षरांची लांबच लांब चऱ्हाटं. पण २००८-०९ साली हे लेकीला इंग्रजी लिपीत मराठी लिहायचे, ते जसंच्या तसं वाचता येत होतं. एका पत्रात माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा हिशोब होता, आणि खाली, ‘पतपेढीतून कर्ज काढलंय. आईला बोलू नकोस, ती ऑपरेशन पुढे ढकलेल.’

ढकललंच असतं.

हे सगळं त्या मुलीच्या हाती गेलं असतं. पोर गुणाची आहे, पण तरी. प्रोफाइलचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, माझ्या संगणकावर थंडरबर्ड घालून त्यात उघडून पाहिलं, देवनागरी पत्रंही नीट दिसली. मगच यांच्या संगणकावर ‘रीसेट धिस पीसी’मधून सगळं काढायला सांगितलं, तेही ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करून. नुसतं डिलीट केलेलं जाणकाराला परत काढता येतं. या कामाला काही तास लागतात. तेवढ्यात माझी पुरणपोळी झाली.

संगणक दुसऱ्याला द्यायचा नसेल तर एवढं करायला नको. आणि रजिस्ट्री साफ करून संगणक पळवून दाखवतो म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी लागू नका. तिथल्या उरलेल्या नोंदी अगदी चिमुकल्या असतात, त्या काढून वेगात फरक पडत नाही. भलतीच पुसली गेली तर विंडोज बसतं. मायक्रोसॉफ्टही असले प्रोग्राम वापरा असं सांगत नाही.

लेकीला फोन केला. म्हणाली, “आई, ते कर्ज बाबांनी दोन वर्षांत फेडलं. शेवटच्या हप्त्यादिवशी मला पेढ्यांचा फोटो पाठवला होता.”

तो फोटो अजून सापडायचा आहे. ‘सेंट’मध्येच असणार.