नाव कुठं घालायचं?

दिवस गेल्याचं कळलं, की जाऊबाई, शेजारीण आणि लोकलच्या लेडीज डब्यातली मैत्रीण, तिघी एकच विचारतात, "नाव कुठं घातलंस?" मी बावीस वर्षं अंबरनाथला स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसते आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या, बदलापूरच्या नव्या टॉवरांतल्या आणि वांगणीपलीकडच्या पाड्यांवरच्या बायका माझ्याकडे येतात. मी त्यांना उलटं विचारते, "इथंच का आलात?" उत्तरं ठरलेली. स्टेशनजवळ आहे. बोर्ड पाहिला. नणंदेचं बाळंतपण इथंच झालं. पॅकेज कमी आहे. यातलं एकही कारण चुकीचं नाही. पण प्रसूतिगृहाच्या वहीत नाव चढतं तेव्हा त्या बाईचा भार कुणीतरी अंगावर घेतं. तो रात्री अडीच वाजता त्यांना पेलेल का, असं विचारणारं मला वर्षाकाठी दोन-चारच जण भेटतात.

दिवसा सगळीच हॉस्पिटलं चांगली दिसतात. बाळंत झाल्यावर गर्भाशय नीट आकसलं नाही, तर रक्तस्राव असा सुरू होतो की धडधाकट बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. त्या दोन तासांत काय लागतं ते आधी बघून ठेवावं. पहिलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर राहिलं पाहिजे; उन्हाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि फ्रिज इन्व्हर्टरवर नसला, तर त्याचा गुण उतरतो. मग भूलतज्ज्ञ, जुळणारं रक्त, आणि हात धुऊन उभा राहणारा दुसरा डॉक्टर. आमच्याकडच्या लहान हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण ते राहतात कुठं हे विचाराच. गल्लीपलीकडे राहत असतील तर दहा मिनिटं. पुलाच्या पलीकडून, पूर्वेतून पश्चिमेला किंवा थेट डोंबिवलीहून यायचे असतील, तर रात्रीच्या पावसात ती दहा मिनिटं राहत नाहीत. रक्तपेढी कोणती, रक्त आणायला कोण धावतं, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठं नेतात, हेही विचारावं. मी तर सांगते, नाव घालण्याआधी एकदा रात्री दहानंतर सहज जाऊन या. दार कोण उघडतं, सिस्टर जागी आहे का, तिचं शिक्षण काय, डॉक्टरांना फोन केला तर किती वेळात येतात, हे दहा मिनिटांत कळतं.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढलं गेलं; त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. सगळ्या सुखरूप आल्या, कारण त्या दिवशी सगळी यंत्रणा तिथं उभी होती. एकट्या घरातून कळा घेऊन निघालेल्या बाईसाठी होड्या येत नाहीत. म्हणून ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टची असते आणि घर नदीच्या सखल बाजूला किंवा बारवी धरणाकडच्या गावांत असतं, त्यांना मी अडतिसावा आठवडा लागायच्या आत हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे राहायला सांगते. काही सासूबाईंना हे पटत नाही. मी समजावत राहते.

आता जे सांगणार आहे ते आमच्या पट्ट्यात तरी सगळ्यांत आधी विचारायला हवं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत बीटा थॅलेसेमियाचा गुण वाहणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आढळतात. अशा माणसाला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. त्याला स्वतःला काही होत नाही, थोडं रक्त कमी दिसतं इतकंच. पण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात, प्रत्येक वेळी नव्यानं, बाळ थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता पंचवीस टक्के. त्या बाळाला काही महिन्यांतच बाहेरून रक्त लागायला लागतं, बहुधा आयुष्यभर. हे टाळायचं साधन साधं आहे: हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी, पहिल्याच भेटीत. बाई मायनर निघाली तर नवऱ्याची लगेच. दोघंही निघाले तर अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा कण तपासून बाळाचं कळू शकतं आणि पुढचा निर्णय दोघांना वेळेत घेता येतो. पाचव्या महिन्यात कळलं तर तोच निर्णय किती अवघड होतो, ते मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलं आहे.

हा आजार फक्त सिंध्यांचा असा समज मात्र घातक. माझ्याकडे एक मराठी मुलगी आली होती, माहेर साताऱ्याचं, सासर बदलापूरचं. आधी जिथं दाखवत होती तिथं चार महिने लोहाच्या गोळ्या चालू, आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. तिच्या जुन्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींचा आकार लहान आणि संख्या मात्र भरपूर, असं स्पष्ट दिसत होतं. ती मायनर होती. सुदैवानं नवरा मायनर नव्हता. पण ते सुदैव होतं, तपासणी नव्हती. म्हणून डॉक्टर पारखायचा असेल तर पहिल्या भेटीत ते तुम्हाला काय विचारतात तिकडे लक्ष द्या. रक्तगट निगेटिव्ह आहे का, आधीचं बाळ का गेलं, आईला मधुमेह होता का, घरात कुणाला वारंवार रक्त चढवावं लागतं का. जिथं हे न विचारता सरळ सोनोग्राफीला झोपवतात, तिथून उठून यावं.

सोनोग्राफीवरून आठवलं. लिंगनिदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ येणाऱ्या प्रत्येकीचा भरून घेतला जातो ना, ते पाहा. कागदपत्रांत चोख असलेलं हॉस्पिटल इतर गोष्टींतही बहुधा चोख असतं, असा माझा अनुभव आहे. मुलगा की मुलगी हे सूचकपणे जरी कुणी बोललं, तरी तिथं पुन्हा जाऊ नका.

"बाई डॉक्टरच हवी," असं पुष्कळजणी म्हणतात. ही मागणी जुनी आणि रास्त आहे. इथून तीन स्टेशनांवरच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी याच गरजेपोटी समुद्रापार गेल्या. त्यांचं पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. त्यांची आठवण आली की मला आजही भरून येतं. तरी मी सांगेन, डॉक्टर बाई आहे की पुरुष यापेक्षा तुमचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं जातं का, ते बघा. वारंवार गर्भ गळणाऱ्या बायकांना आपण जो ‘टाका’ घालतो, तो एका पुरुषानंच, गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी, जगाला दिला.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांची घालमेल वेगळी. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली, तेव्हा टेस्ट ट्यूब बेबी ही वर्तमानपत्रातली नवलाई होती. आज तिचे बोर्ड स्टेशनाबाहेर लागतात. माझ्याकडे एक जोडपं आलं, लग्नाला सात वर्षं. बाईच्या फाइलचं वजन मी हातात घेऊन पाहिलं. दुर्बीण झालेली, नळ्यांचा एक्स-रे दोनदा झालेला, इंजेक्शनांची गणती नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नव्हती. दोन ते सात दिवस संबंध टाळून द्यायचा एक नमुना, काहीशे रुपयांचं काम. ती तपासणी केल्यावर सगळं चित्रच पालटलं. ती मुलगी माझ्यासमोर रडली. सात वर्षं दोष तिच्या पदरात टाकला गेला होता. म्हणून माझा नियम आहे: पहिल्या दिवशी दोघांनी यायचं, दोघांच्या तपासण्या बरोबरच.

वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर वाट पाहावी. पुढे असेल तर सहा महिन्यांतच दाखवावं. अंड्यांची वाढ बघायला एका महिन्यात तीन-चारदा यावं लागतं आणि आमच्या बायकांना सकाळची लोकल गाठायची असते. त्यामुळे हे काम घराजवळ, सकाळी लवकर सुरू होणाऱ्या दवाखान्यात करणंच शहाणपणाचं. आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, गोष्ट निराळी. तिथं जवळिकीपेक्षा प्रयोगशाळा मोठी. एम्ब्रियॉलॉजिस्ट रोज तिथं असतात की महिन्यातून एकदा ‘बॅच’साठी येतात, हे विचारा. बॅच असेल तर तुमचं शरीर त्यांच्या तारखेला बसवलं जातं. यशाचा आकडा सांगितला तर तो कशाचा, हेही विचारा: रक्ततपासणी पॉझिटिव्ह आल्याचा, की बाळ घरी गेल्याचा? या दोहोंत फार अंतर आहे. २०२१ च्या कायद्यानं अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. साध्या आययूआयची केंद्रं पहिल्या स्तराची, आयव्हीएफची दुसऱ्या. नोंदणी मागितली म्हणून कुणी रागावलं तर त्यातच उत्तर मिळालं.

पैशांची अडचण असेल तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयात नॉर्मल असो की सिझर, खर्च सरकारचा, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. खासगीत नाव घातलेल्यांनीही तिथं एक कार्ड काढून ठेवावं. आणि सातव्या महिन्यात माहेरी जाणाऱ्यांनी फाइल आईकडे टपालानं यायची वाट पाहू नये. ती पिशवीत, अंगाशी ठेवून न्यावी.

परवा कॅम्प चारमधल्या एक सासूबाई सुनेला न घेताच आल्या. हातात शाळेची वही. भूलतज्ज्ञ कोण, रक्त कुठून, फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुम्हीच गावाला गेलात तर?" मी माझ्या जागी येणाऱ्या डॉक्टरबाईंचं नाव आणि नंबर दिला. लेबर रूम दाखवली. वही मिटून त्या उठल्या. "अजून दोन ठिकाणं बघायचीत. मग सांगते." त्या दोन्ही हॉस्पिटलांकडे रिक्षा कुठून मिळते, ते मी त्यांना दारापर्यंत जाऊन सांगितलं.