दारापुढचा फोटो

माझी धाकटी बहीण चुडाव्याला दिलेली. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या वाटेला लागली, की पहिले स्टेशन ते चुडावा. मेहुणे गेले आणि तिच्या पदरी दोन मुले अन् एक शिवणयंत्र एवढेच उरले.

२०२३ साली सरकारने बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचे नाव दिले आणि दर मुलामागे महिना ११०० रुपये मिळत, त्यांचे २२५० केले. मी पुण्याहून हौसेने फोन केला. तर ही म्हणते, ‘‘दादा, अर्ज केला अन् लेकरंच घेऊन गेले तर?’’

मला हसू आले. पण भीती अगदीच पोकळ नव्हती. हा अर्ज मंजूर करते बालकल्याण समिती. आणि मूल घरी राहावे की बालगृहात, हे ठरविण्याचा अधिकारही २०१५ च्या कायद्याने तिलाच आहे. मदत मागायची तीही त्याच दारी!

दाखले जमविताना एका कचेरीत एका शिक्क्यासाठी चार खेपा झाल्या. ते एक असो. खरी अडचण फोटोची. घरासमोर मुलांसह उभे राहून काढलेला फोटो हवा होता. हिने शेजारणीच्या पक्क्या घरापुढे उभे राहण्याचा हट्ट धरला. मी रागावलो. ‘‘घर पाहूनच ठरवतील ना, ही बाई लेकरं सांभाळील का ते,’’ ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

समाजसेविका चौकशीला आल्या, त्या दिवशी मी तिथेच होतो. पहाटेपासून भांडी घासली जात होती. डबा रिकामा दिसू नये म्हणून पायलीभर गहू उसने आणले होते. बाईंनी डब्याकडे पाहिलेही नाही. धाकट्याला जवळ घेऊन विचारले, ‘‘आई रागावते का रे?’’

‘‘रोज!’’ तो म्हणाला. बहिणीचा चेहरा पांढराफटक. ‘‘शाळा बुडवली की.’’

बाई हसल्या, वहीत काहीतरी लिहिले आणि उठता उठता म्हणाल्या, ‘‘ताई, मुलं घरातच राहावीत म्हणून तर ही योजना आहे.’’ हे वाक्य पहिल्याच दिवशी कुणी का सांगितले नाही?

गहू त्याच संध्याकाळी परत गेले. पैसे यायला पुढे बरेच महिने लागले.

फोटो अखेर तिच्याच दारापुढे काढला. त्याची एक प्रत माझ्याजवळ आहे. मागे पत्रा, धाकट्याचे डोळे मिटलेले, आणि बहिणीचे दोन्ही हात मुलांच्या दंडांवर घट्ट.