पंखा फिरतोय, पण...

गेल्या शनिवारी चिपळूणला होतो. बाबा चार महिने आमच्याकडे पुण्याला होते, त्यांना परत सोडायला गेलो होतो. मी खिडक्या उघडेपर्यंत बाबा माडीवर जाऊन कॉम्प्युटर लावून बसलेसुद्धा. दोनच मिनिटांत वरून हाक आली, "अरे, पंखा फिरतोय, पण पडद्यावर काहीच येत नाहीये!"

आता हा कॉम्प्युटर म्हणजे २०११ साली मीच सुटे पार्ट आणून जोडलेला डबा. एरवी म्हटलं असतं, द्या भंगारात. पण बाबांनी निवृत्तीनंतर गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून जमवलेली आमच्या घराण्याची वंशावळ त्यात आहे. ज्यांनी नावं सांगितली त्यातले बरेच जण आता नाहीत. मूळ वह्या खालच्या खोलीत होत्या, त्या २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात गेल्या. आणि बॅकअप? दर दिवाळीला "यावेळी नक्की घेऊ" म्हणणारा शहाणा मीच. ऑफिसात दुसऱ्यांचा डेटा सांभाळायचा पगार घेतो, बोला!

बाजारातल्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने न बघताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला जोडायची वायर अर्थातच पुण्यात राहिलेली. मग बसलो पंचा टाकून जमिनीवर. आधी डिस्कच्या दोन्ही वायरी काढून ठेवल्या, म्हणजे माझ्या प्रयोगात निदान तिला धक्का नको.

पंखा फिरतो यावरून फारसं काहीच सिद्ध होत नाही. १२ व्होल्ट मिळाले की तो फिरणारच. एसएमपीएसचे सगळे व्होल्टेज स्थिर झाले की तो मदरबोर्डला "पॉवर गुड" असा सिग्नल देतो आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. पुढे बायोस रॅम तपासतो, मग डिस्प्ले, मग डिस्क. आपली गाडी कुठल्या स्टेशनावर अडली ते शोधायचं.

मॉनिटर लॅपटॉपला लावून पाहिला, ठणठणीत. प्रोसेसरची वेगळी चार पिनांची प्लग घट्ट होती. बीप मात्र येत नव्हता. बघतो तर कॅबिनेटच्या छोट्या स्पीकरची वायरच निसटलेली. ती लावली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या मुद्दाम काढल्या आणि बटण दाबलं. लांबलचक बीप! एवढा गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. रॅम नाही अशी तक्रार करतोय, म्हणजे प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत.

"ओरडतोय का तो?" बाबा घाबरून म्हणाले.

"ओरडू दे बाबा, ओरडतोय हेच चांगलं आहे."

कोकणातली हवा आणि चार महिने बंद घर, त्यामुळे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरला असणार. स्विच बंद करून पट्टी खोडरबराने हलकेच घासली, चुरा झटकला, एकच पट्टी बसवली. स्क्रीन आली! पण तारीख १ जानेवारी आणि सेटिंग पुसली गेल्याचा संदेश. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल संपला होता. भिंतीवरचा स्विच चालू असताना त्या सेलवर भार नसतो. बाबांनी जाताना शिस्तीत बंद केला, आणि चार महिन्यांत तो बसला.

डिस्क जोडली. विंडोज ७ चं चिन्ह दिसलं, निळी स्क्रीन, पुन्हा सुरू. पुन्हा तेच. इथे मात्र पोटात गोळा आला. बाबा काही बोलले नाहीत, खाली चहा करायला गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्यांदा निळ्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढला. कोडच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. आणि एकदम ट्यूब पेटली. २०११ साली मी मोठ्या हौसेने डिस्कचा मोड एएचसीआय करून विंडोज टाकलं होतं. सेल गेल्यावर बायोसने तो परत आयडीई केला. डिस्क तीच, पण दार बदललं. बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलली आणि विंडोज उघडलं. (सीआर२०३२ सेल नंतर घड्याळवाल्याकडून आणला.)

फाईल नुसती पेनड्राइव्हवर घेऊन भागणार नव्हतं. मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, माझ्या लॅपटॉपवर सगळे पूर्वज इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसत होते. म्हणून वर्डमधूनच पीडीएफ करायला घेतली, तेवढ्यात बाबा कप घेऊन आले.

चष्मा लावून शांतपणे बाराव्या पानापर्यंत गेले. "इथे दोन भाऊ उलटसुलट झालेत. हे दुरुस्त केल्याशिवाय कॉपी काढू नकोस."

"बरं," म्हटलं, आणि ते बशी ठेवायला वळल्यावर आधी कॉपी काढली.