तेवढाच माल, जास्त पैसा

निघोजे-महाळुंगे-खराबवाडीच्या पट्ट्यात महिंद्रा, फोक्सवॅगन यांच्यासारखे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आधाराने उभे राहिलेले असंख्य छोटे प्रेस शॉप, मशीन शॉप. या छोट्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करणं हे माझं काम. नवा प्रेस घ्यायचा म्हटलं की मालक मशीनचं कोटेशन, पगार, वीजबिल सगळं घेऊन येतो. खेळत्या भांडवलाचा मात्र एकच आकडा आणतो, पहिल्या वर्षाचा. माझी खरी मेहनत त्या आकड्यावर असते.

समजा, पत्र्याची कॉइल, अर्धवट माल, तयार माल आणि कंपन्यांकडची उधारी यांत, पुरवठादारांची देणी वजा जाता, 50 लाख अडकतात. पाच वर्षं नग तेवढेच, महागाई 6 टक्के. दुसऱ्या वर्षासाठी 53 लाख लागतात, तिसऱ्यासाठी 56.18, पाचव्यासाठी 63.12. एकही नग न वाढता खिशातून 13 लाख जास्त गेले. शेवटी 63.12 लाख मोकळे होतात खरे, पण आजच्या भावात त्यांची किंमत जेमतेम 47 लाख.

“साहेब, पत्रा महागला तर कंपनी दर वाढवून देतेच की,” असं मालक म्हणतात. देते, पण दराचा फरक बहुधा तिमाही संपल्यावर हाती येतो, आणि नव्या कॉइलचं बिल आजच भरावं लागतं. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. तेवढे दिवससुद्धा वाढलेल्या भावाचा भार आपणच सोसतो.

सगळं आजच्या भावात मांडलं की वाढीव भांडवलाची ही ओळ कोरीच राहते. म्हणून मी त्या त्या वर्षीच्या चालू भावात मांडतो. बँकेच्या 12 टक्के व्याजात महागाई धरलेलीच असते. तो दर आजच्या भावातल्या रकमांना लावला तर चांगला प्रकल्पही तोट्यात दिसतो. त्या रकमांना 5.66 टक्केच लावायला हवेत, 1.12 ला 1.06 ने भागून त्यातून 1 वजा केला की हा दर येतो.

प्रत्येक खर्च वाढण्याचा वेगही वेगळा. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्के होती. मे महिन्यात केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं आणि देशातले पोलादाचे भाव उतरले. त्या वर्षी पत्र्याला आणि पगाराला एकच टक्का लावणारा रिपोर्ट दोन्हीकडे चुकला असता. घसारा तर मूळ खरेदी किमतीवरूनच धरतात. त्यातून वाचणारा कर महागाईबरोबर वाढत नाही.

म्हणून टर्म लोनच्या शेजारी वर्षागणिक वाढणाऱ्या सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटची ओळ मी घालतोच. ऑर्डर भरपूर, नफाही आहे, आणि पगाराच्या तारखेला खातं रिकामं, ही वेळ टाळता येते; मात्र त्याची तजवीज मशीनचा ॲडव्हान्स भरण्याआधीच करावी लागते.