संगणकाची सोसायटी



यंदा पेरणीच्या तोंडावर बोईसरच्या पूर्वेकडील एका गावात भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. मिठाचे तीन टक्के पाणी, त्यात बी, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचे. तुम्हाला ते ठाऊकच आहे. काम आटोपले, मंडळी पांगली, तरी ओटीच्या कडेला आठ तरुण मुले-मुली थांबून होती. त्यांतली एक म्हणाली, "साहेब, आम्हाला सोसायटी काढायची आहे. संगणकाची."

मला आधी वाटले, संगणक विकत घ्यायला कर्ज हवे असेल. तसे नव्हते. ही सगळी शिकलेली पोरे. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत हजेरी-पगाराचे हिशेब संगणकावर करतो, कोणी पहाटेची डहाणू लोकल धरून अंधेरी गाठतो. दोघांनी मिळून चिकूच्या एका व्यापाऱ्यासाठी पेट्यांचा आणि उचलीचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले. पैसे मधल्या माणसाने घेतले, यांच्या हाती मजुरी पडली. आता काम आपले, गिऱ्हाईक आपले आणि नफाही आपला, अशी संस्था त्यांना हवी होती.

सॉफ्टवेअरमधले मला काही कळत नाही. पण सोसायट्या उभ्या राहताना आणि बसताना पुष्कळ पाहिल्या आहेत. शिवाय काम करणाऱ्यानेच मालक व्हायचे, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. 1947 साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्यांना सुरुवात केली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. जंगलातले कूप ठेकेदाराला न देता तोडणाऱ्या आदिवासींच्या सोसायटीला द्यायचे, हा त्यामागचा विचार. पुढे तोडीवर निर्बंध आले तसे कामही आटले. केरळात वडकरा गावाजवळ 1925 साली मजुरांनी उरालुंगल नावाची सोसायटी काढली. रस्ते-पूल बांधता बांधता तिने कोळिकोडला सायबर पार्क उभारला, सॉफ्टवेअरची कंपनीही काढली. तिचे संचालक कामगार सभासदांतूनच निवडले जातात. हे सांगितल्यावर मुलांचे डोळे चमकले. मी म्हटले, "थांबा, शंभर वर्षे लागली आहेत त्याला."

मग वही उघडली. पहिली अडचण माणसांची. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे निदान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले लागतात. हे आठजण, त्यांत एक जोडपे. म्हणजे घरे सातच. एकजण चटकन म्हणाला, "तीन नावे घालू की, काकांचे, मामांचे."

तिथे मी जरा आवाज चढवला. त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात भाजीपाल्याची सोसायटी काढताना मीच म्हटले होते, "आधी नोंदणी करून घ्या, माणसे मागून जमतील." नावे भरली, सह्या झाल्या. मागून कोणी जमले नाही. चार घरांनी कारभार केला, बाकीचे कागदावर राहिले आणि सहा वर्षांत संस्था अवसायनात निघाली. ज्यांनी खरोखर भाजी घातली होती, त्यांचे शेअरचे पैसे बुडाले. त्यांतला एक अजून बाजारात भेटतो, रामराम करतो, पैशाचे कधी बोलत नाही. बोलला असता तर बरे, असे वाटते.

म्हणून त्यांना सांगितले, निदान एक हंगाम नोंदणीशिवाय मिळून काम करा. इर्जिक घालतो तसे. कोण किती तास बसला, कोणते काम कोणी आणले, सारे वहीत लिहा. गिऱ्हाइकाचे पैसे दोन-तीन महिने अडकले तर घरी काय द्यायचे, ते आधी ठरवा. दरमहा थोडी उचल, वर्षाअखेर हिशेब. नव्याला सभासद केव्हा करायचे, हेही आजच लिहा. नाहीतर आज ठेकेदाराला नावे ठेवणारे तुम्ही, उद्या चार पोरे पगारावर ठेवाल आणि मालक आठच राहाल.

त्यांची एक आशा मात्र मोडावी लागली. गावच्या विकास सोसायटीला सॉफ्टवेअर विकू, असे ते म्हणत होते. 2022 साली केंद्र सरकारने देशातल्या 63,000 प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, पण तिचे सॉफ्टवेअर सगळीकडे एकच आहे. जुन्या नोंदी भरून देण्याचे किंवा शिकवण्याचे काम मिळाले तर मिळेल. चिकूवाले, भातगिरणीवाले, दुकानदार, हेच यांचे खरे गिऱ्हाईक.

इतक्यात एका मुलाचे वडील आले. त्यांची जमीन नव्या रस्त्यात गेलेली, मोबदला बँकेत पडलेला. म्हणाले, "साहेब, पाच लाख मी घालतो. पोराला चेअरमन करा म्हणजे झाले."

त्यांना समजावले. एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त शेअर घेता येत नाहीत. शेअर कितीही असोत, मत एकच. नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि शेअरवर लाभांश 15 टक्क्यांहून अधिक देता येत नाही. "द्यायचेच तर थोडी रक्कम कर्जाऊ द्या, व्याज आणि मुदत लिहून. शेअर सगळ्यांचे सारखे राहू द्या. मुलांनी ते दरमहा कामाच्या पैशांतून भरावेत."

"म्हणजे माझ्या पैशाला मत नाही?"

"नाही भाऊ. तुमच्या मुलाच्या कामाला आहे."

ते बराच वेळ गप्प राहिले. जमीन एकदाच जाते आणि तिचा पैसा दुसऱ्यांदा येत नाही. तो सगळा यात घाला, असे मी तरी त्यांना सांगणार नव्हतो, आणि तसे बोललोही. मुलगा खाली मान घालून बसला होता.

परवा लावणी पाहायला त्या गावी गेलो होतो. दोन घरे वाढली आहेत, नऊ झाली. दर रविवारी त्याच ओटीवर बसतात, कारण लोकलने जाणाऱ्यांना तेवढाच दिवस मोकळा. वही दाखवली. तासांची बेरीज दोन ठिकाणी चुकली होती, त्यावरून भांडणही झाले होते म्हणे. वडिलांनी अजून पैसे दिलेले नाहीत. पण रविवारी चहा त्यांच्याकडून असतो, आणि बसतात तेही, भिंतीला टेकून, ऐकत.